गाडी स्वतः चालते का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

इलेक्ट्रिक गाड्यांच्या जाहिरातींबद्दल खान्देशातून आलेल्या पत्रांपैकी काही या वेळी घेतली आहेत. पत्रलेखकांची, विक्रेत्यांची आणि शोरूमची नावं छापलेली नाहीत.

चोपडा : इलेक्ट्रिक एसयूव्ही बघायला जळगावला गेलो होतो. विक्रेता म्हणाला, ‘लेव्हल टू प्लस आहे, हायवेला लागली की गाडी स्वतः चालते.’ घरी आल्यापासून आई विचारतेय, ‘गाडी सोता चालस का?’ तिला काय सांगू?

आईंना सांगा, नाही चालत. चालवणारे तुम्हीच आहात. गाडी फक्त थोडी मदत करते.

लेव्हलची ही मोजणी एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने २०१४मध्ये आणलेल्या ‘जे ३०१६’ मानकातून आली आहे. त्यात ० ते ५ अशा सहा पायऱ्या आहेत. लेव्हल १मध्ये गाडी एक तर वेग सांभाळते किंवा स्टिअरिंगला मदत करते. लेव्हल २मध्ये ती दोन्ही कामं एकत्र करते, पण रस्त्यावर नजर आणि जबाबदारी पूर्णवेळ चालकाचीच राहते. लेव्हल ३पासून चित्र बदलतं. ठरवून दिलेल्या परिस्थितीत गाडी स्वतः बघते आणि जमत नसेल तेव्हा चालकाला बोलावते. मर्सिडीजला जर्मनीत २०२१च्या अखेरीस अशी परवानगी मिळाली, तीही सुरुवातीला ताशी ६० किलोमीटरपर्यंत आणि ठरावीक मोटरमार्गांवरच. लेव्हल ४च्या टॅक्सी अमेरिकेतल्या काही शहरांत आखून दिलेल्या भागात फिरतात. लेव्हल ५ची गाडी जगात कुठेही विक्रीला नाही.

भारतात आज शोरूममध्ये मिळणारी प्रवासी गाडी, मग ती कितीही महाग असो, लेव्हल २च्या पुढे जात नाही. ‘टू प्लस’ ही पायरी त्या मानकात नाहीच. तो ‘प्लस’ जाहिरात विभागाने जोडलेला आहे. त्याचा अर्थ कंपनीगणिक बदलतो. कुठे एखादा रडार जास्त असतो, कुठे इंडिकेटर दिल्यावर लेन बदलायला मदत मिळते. चालकाची जबाबदारी मात्र त्याने तसूभरही कमी होत नाही.

आणखी एक गैरसमज जाहिरातींनी रुजवला आहे. इलेक्ट्रिक गाडी म्हणजे आपोआप चालणारी गाडी, असं लोकांना वाटू लागलं आहे. बॅटरी आणि मोटर गाडी पुढे ढकलतात. बघण्याचं काम सहसा काचेमागचा कॅमेरा आणि बंपरमागचा रडार करतात, आणि हीच जोडी पेट्रोल-डिझेल गाड्यांवरही बसते. अॅक्सिलरेटर सोडल्यावर इलेक्ट्रिक गाडीचा वेग आपोआप कमी होतो ती रिजनरेशनची, म्हणजे चाकांच्या गतीतून बॅटरी पुन्हा भरण्याची, करामत आहे. पुढे बैल आला हे गाडीला ‘दिसलं’ म्हणून ती हळू झालेली नसते.

शहादा : आमच्या रस्त्यावर हंगामात रात्रभर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात. निम्म्यांना मागे दिवा नसतो. जाहिरातीत गाडी पुढच्या वाहनामागे आपोआप थांबते. ट्रॉलीमागे थांबेल का?

तिच्या भरवशावर राहू नका. हा प्रश्न आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपोआप ब्रेक लावणाऱ्या बऱ्याच यंत्रणांना दोन साक्षीदार लागतात. पहिला रडार. तो रेडिओलहरी सोडतो आणि परतलेल्या लहरींवरून समोरची वस्तू किती दूर आहे, किती वेगाने जवळ येतेय हे काढतो. चालत्या वाहनाबाबत हे काम तो चोख करतो. उभ्या वस्तूबाबत गोंधळ होतो, कारण रस्त्याकडेचे फलक, पुलाचे कठडे, दुभाजक हे सगळंच उभं असतं आणि रडारला ते सगळंच दिसतं. प्रत्येकाला ब्रेक लावला तर गाडी चालवणं अशक्य होईल. म्हणून जास्त वेगात अनेक यंत्रणा उभ्या वस्तूला कमी महत्त्व देतात आणि दुसऱ्या साक्षीदाराची, म्हणजे कॅमेऱ्याची, खात्री मागतात.

कॅमेऱ्याला कारची, ट्रकची, दुचाकीची मागची बाजू, माणसाची आकृती अशा चित्रांवर शिकवलेलं असतं. दोन लाल दिवे, नंबरप्लेट, चौकोनी पाठ ही त्याची ओळख. बिनदिव्याच्या उसाच्या ट्रॉलीच्या मागे यातलं बहुधा काहीच नसतं. असतो तो अंधारात लोंबणारा पाचटाचा झुपका. कापसाने फुगलेल्या गाडीचंही तसंच आहे. ऊस किंवा कापूस रडारच्या लहरी लोखंडासारख्या परत पाठवत नाही. लोखंडी चासी खाली आणि आत असते. सळया किंवा बांबू मागे निघालेले असतील तर आणखी धोका, कारण रडारने मोजलेलं अंतर ट्रकच्या अंगापर्यंतचं असू शकतं, सळईच्या टोकापर्यंतचं नाही. बैलगाडी, गुरं, ठेलारी बांधवांचे मेंढ्यांचे कळप, सारंगखेड्याच्या यात्रेला निघालेले घोडे यांच्या बाबतीत तर बहुतेक मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की यंत्रणा प्राणी ओळखेलच असं नाही. जाहिरातीत मात्र हे वाक्य कधी दिसत नाही.

आता हिशेब करा. ताशी ८० म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते. कोरड्या डांबरावर चांगला ब्रेक लागला तरी आणखी ३५ मीटर लागतात. एकूण जवळजवळ ७० मीटर. डिपरवर काळोख्या रस्त्यात नीट दिसतं ते साधारण ५० मीटरपर्यंत. म्हणजे ट्रॉली दिसली तेव्हाच उशीर झालेला असतो. ताशी ६०ला हाच हिशेब ४५ मीटरवर येतो. बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्यासारख्या दुपदरी मार्गावर हंगामात रात्री ६०च्या वर जाऊ नका, समोरून कुणी नसेल तेव्हा अप्पर लावा, आणि अॅडॅप्टिव्ह क्रूझ, म्हणजे पुढच्या वाहनाशी अंतर राखत वेग आपोआप सांभाळणारी सुविधा, बंद ठेवा. क्रूझ चालू असला की पाय पेडलपासून लांब जातो आणि तो दीड सेकंद दोन-अडीचवर जातो.

तरीही आपोआप ब्रेकची यंत्रणा बंद करू नका. ओळखता येईल असं वाहन पुढे असेल तर ती जीव वाचवू शकते. बंद ठेवायचं ते क्रूझ.

भुसावळ : एप्रिल-मेमध्ये दुपारी गाडी सुरू केली की ‘कॅमेरा उपलब्ध नाही’ असा संदेश येतो. बिघाड आहे का?

बहुधा नाही. पुढचा कॅमेरा काचेला चिकटून, आरशामागे बसवलेला असतो. आपल्याकडे पारा ४५च्या आसपास असताना उन्हात उभ्या गाडीच्या काचेजवळचं तापमान हवेपेक्षा कितीतरी जास्त चढतं, आणि इलेक्ट्रॉनिक भाग स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. एसी लावून, हवेचा झोत काचेकडे वळवून काही मिनिटं थांबा. संदेश गेला तर प्रश्न मिटला. थंड सकाळीही तोच संदेश येत असेल तर काच आतून-बाहेरून पुसून बघा आणि मग सर्व्हिस सेंटरला दाखवा. ‘बारा महिने, कुठल्याही हवामानात’ अशी जाहिरात वाचली असेल तर तिचा फोटो जपून ठेवा. पुढच्या एका उत्तरात त्याचा उपयोग आहे.

आणि हे लक्षात घ्या की मावळतीला जळगावहून धुळ्याकडे जाताना सूर्य सरळ समोर असतो. त्या तासात डोळे जसे दिपतात तसा कॅमेराही दिपतो. पांढरे पट्टे त्याला दिसेनासे होतात.

धुळे : परदेशी कंपनीच्या इलेक्ट्रिक गाडीसाठी ‘फुल सेल्फ-ड्रायव्हिंग’चे ६ लाख रुपये वेगळे मागतात. भविष्यात अपडेट येईल म्हणतात. आत्ताच भरावेत का?

आमचं मत स्पष्ट आहे : भरू नका.

टेस्लाने जुलै २०२५मध्ये मुंबईत विक्री सुरू केली तेव्हा या पर्यायाची किंमत ६ लाख ठेवली होती. तिच्याच संकेतस्थळावर त्याखाली लिहिलेलं आहे की सध्या सुरू असलेल्या सुविधांना चालकाची सक्रिय देखरेख लागते आणि त्यांनी गाडी स्वायत्त होत नाही. नाव एक सांगतं, खालची ओळ दुसरं. अमेरिकेत हा वाद जुना आहे. कॅलिफोर्नियाच्या मोटार वाहन खात्याने जुलै २०२२मध्ये ‘ऑटोपायलट’ आणि ‘फुल सेल्फ-ड्रायव्हिंग’ या नावांवरून कंपनीविरुद्ध कारवाई सुरू केली. १ जानेवारी २०२३पासून त्या राज्यात कायदाच लागू झाला की अर्धवट मदत करणाऱ्या सुविधेला पूर्ण स्वयंचलित वाटेल असं नाव देता येणार नाही. डिसेंबर २०२३मध्ये चालकाच्या लक्षावर पुरेशी देखरेख नाही म्हणून २० लाखांहून जास्त गाड्या सॉफ्टवेअर दुरुस्तीसाठी रिकॉलमध्ये आल्या. २०२४मध्ये कंपनीने त्या नावापुढे ‘देखरेखीखाली’ या अर्थाचा शब्द जोडला.

हा एकाच कंपनीचा दोष समजू नका. मार्च २०२५मध्ये चीनमधल्या आन्हुई प्रांतात शाओमीच्या इलेक्ट्रिक गाडीचा अपघात होऊन तीन विद्यार्थिनी दगावल्या. ताशी ११६च्या वेगात सहाय्यक यंत्रणा चालू होती. रस्त्यात काम चालू असल्याने लेन बंद होती. यंत्रणेने इशारा दिला, चालकाने ताबा घेतला, आणि दोन-तीन सेकंदांत गाडी दुभाजकावर आदळली. पुढच्याच महिन्यात चीनच्या उद्योग मंत्रालयाने कंपन्यांना बोलावून जाहिरातीत ‘स्वयंचलित’ किंवा ‘स्मार्ट ड्रायव्हिंग’ असे शब्द वापरू नका, ‘सहाय्यक’ म्हणा, असं बजावलं.

आपल्याकडे नितीन गडकरी यांनी २०१७मध्ये आणि पुन्हा २०२३मध्ये जाहीरपणे सांगितलं आहे की चालकविरहित गाड्यांना भारतात परवानगी देणार नाही. म्हणजे ६ लाख देऊन तुम्ही जे विकत घेताय ते वापरता येईल की नाही हेच ठरलेलं नाही. भरायचेच असतील तर विक्रेत्याकडून तीन गोष्टी लेखी घ्या : कोणती सुविधा, कोणत्या तारखेपर्यंत, आणि न आल्यास पैसे परत कसे. लेखी द्यायला तयार नसतील तर तेच उत्तर समजा.

अमळनेर : मराठी जाहिरातीत ‘हात सोडा, गाडी सांभाळेल’ असं होतं. गाडी घेतल्यावर कळलं, दहा-पंधरा सेकंदांत ती हात ठेवायला सांगते. विक्रेता म्हणतो खाली तारांकित टीप होती. टीप इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. काही करता येईल का?

नक्की येईल, आणि तुमची बाजू भक्कम आहे.

दिशाभूल करणाऱ्या जाहिराती रोखण्यासाठी केंद्राने ९ जून २०२२ रोजी मार्गदर्शक नियम काढले. त्यात लिहिलं आहे की खुलासा, म्हणजे तुमची ती टीप, दाव्याच्याच भाषेत हवी, दाव्याच्याच टाइपात हवी आणि ठळक जागी हवी. मुख्य म्हणजे टिपेने दाव्याला छेद द्यायचा नाही, मोठ्या अक्षरातलं खोटं छोट्या अक्षरात दुरुस्त करायचं नाही. मराठी दाव्याला इंग्रजी टीप लावली तिथेच पहिला नियम मोडला.

पहिलं काम पुराव्याचं, आणि ते आजच करा, कारण जाहिराती गुपचूप बदलतात. वर्तमानपत्राचं पूर्ण पान तारखेसह ठेवा. मोबाइलवरची जाहिरात असेल तर पत्ता आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. व्हिडिओ असेल तर स्क्रीन रेकॉर्ड करा. विक्रेत्याचे व्हॉट्सअॅप संदेश एक्स्पोर्ट करून ठेवा, फक्त फोटो पुरत नाही. बुकिंग फॉर्म, व्हेरिएंट लिहिलेलं बिल, माहितीपत्रक आणि मॅन्युअलमधलं मर्यादांचं पान जोडा. तोंडी सांगितलेलंही ‘अनुचित व्यापार प्रथे’त मोडतं, पण ते सिद्ध करायला साक्षीदार लागेल. म्हणून आता विक्रेत्याला साधा ईमेल पाठवा : ‘अमुक तारखेला तुम्ही असं सांगितलं होतं, ते गाडीत नाही, उत्तर द्या.’ उत्तर आलं तरी पुरावा, नाही आलं तरी पुरावा.

मग कंपनी आणि विक्रेता दोघांनाही स्पीड पोस्टाने नोटीस द्या, १५ दिवसांची मुदत देऊन. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बऱ्याच कंपन्या या टप्प्यावर बोलायला येतात.

तडजोड झाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार तिथेच चालते. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते, म्हणजे तुमच्यासाठी जळगाव. मुंबई-पुण्याला जायची गरज नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही करता येते. शुल्क १० ते २० लाखांच्या गाडीला ४०० रुपये, २० ते ५० लाखांना १००० रुपये. वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची, ती चुकवू नका. एक अडचण आधी तपासा. गाडी फर्मच्या नावावर व्यवसायासाठी घेतली असेल तर समोरचा पक्ष ‘हे ग्राहकच नाहीत’ असा पवित्रा घेईल.

मागणी मोजकी ठेवा. संपूर्ण गाडी परत घ्या, अशी मागणी मान्य होणं अवघड असतं. ही सुविधा असलेल्या आणि नसलेल्या व्हेरिएंटच्या किमतीतला फरक, त्यावर व्याज, मनस्तापाची भरपाई आणि सुधारित जाहिरात छापण्याचा आदेश एवढं मागा. सुधारित जाहिरातीचा आदेश देण्याचा अधिकार आयोगाला कायद्याने आहे, आणि तो कोणी मागत नाही याचं आम्हाला वाईट वाटतं.

याशिवाय जाहिरातीविरुद्ध वेगळी तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी देता येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९च्या कलम १७मध्ये तशी सोय आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं. त्यातून तुम्हाला पैसे मिळणार नाहीत, पण ती जाहिरात पुढच्या माणसासमोर जाणं थांबेल.

जळगाव : मुलगा स्टिअरिंगला पाण्याची बाटली अडकवतो, म्हणजे गाडीला हात ठेवल्यासारखं वाटतं. रीलमध्ये बघितलं म्हणतो.

आजच काढायला लावा. स्टिअरिंगवरचा सेन्सर हाताचा हलका जोर किंवा स्पर्श शोधतो. चालक जागा आहे, ताबा घेऊ शकतो, याची बऱ्याच गाड्यांत ती एकमेव खात्री असते. ती फसवली की गाडीला झोपलेला चालक आणि जागा चालक सारखेच. असं वजन विकणाऱ्या एका कंपनीला अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा खात्याने २०१८मध्येच विक्री थांबवायला लावली होती. अपघात झाला तर गुन्हा मुलावर दाखल होईल, जाहिरात करणाऱ्यावर नाही.

पाचोरा : भारत एनकॅपमध्ये ५ स्टार आहेत, म्हणजे सहाय्यक यंत्रणाही चांगली असणार ना?

त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑक्टोबर २०२३पासून सुरू झालेली ही चाचणी मुख्यतः धडक बसल्यावर आतली माणसं किती वाचतात ते बघते. लेन सांभाळणं किंवा आपोआप ब्रेक यांना त्यात गुण नाहीत.

नंदुरबार : टेस्ट ड्राइव्हमध्ये नेमकं काय तपासावं?

शोरूमला जाण्याआधी मॅन्युअलची पीडीएफ मागा आणि सहाय्यक यंत्रणेच्या प्रकरणातल्या मर्यादा वाचा. माहितीपत्रकात दोन ओळी असतात, मॅन्युअलमध्ये दहा-बारा पानं. मग तुम्ही घेणार तोच व्हेरिएंट मागा. वरच्या मॉडेलवर फेरी मारून खालचं विकण्याचे प्रकार होतात.

दोन रस्ते निवडा. एक चौपदरी, पट्टे ठळक असलेला. दुसरा तुमचा रोजचा. पहिल्यावर क्रूझ लावून अंतर सर्वांत जास्त ठेवा आणि मध्ये दुचाकी घुसली की गाडी कशी वागते ते पाहा. ब्रेक फार झटक्याने लागत असेल तर मागच्या भरलेल्या ट्रकला थांबता येणार नाही. दुसऱ्या रस्त्यावर पट्टा संपतो तिथे नजर स्क्रीनवर ठेवायला शेजारच्याला सांगा. बऱ्याच गाड्यांत लेन सांभाळण्याचं चिन्ह हिरव्यावरून करडं होतं आणि आवाज होत नाही. चालकाला वाटतं यंत्रणा चालू आहे, आणि ती केव्हाच सुटलेली असते. आम्हाला यातला हा सर्वांत घातक भाग वाटतो.

खड्डा किंवा बैलगाडी चुकवताना इंडिकेटर न देता वळलात तर लेन असिस्ट स्टिअरिंग उलट ओढतो. इंडिकेटर दिला की गप्प बसतो. तीव्र वळणावर रडारच्या नजरेतून पुढचं वाहन निसटतं आणि क्रूझ वेग वाढवू शकतो, म्हणून कन्नड घाटात किंवा तोरणमाळच्या चढणीला तो लावायचाच नाही. स्पीडब्रेकर तर बहुतेक यंत्रणांना दिसतच नाही. आपोआप ब्रेकची परीक्षा माणूस किंवा खोकं पुढे उभं करून घेऊ नका. विक्रेता आग्रह करत असला तरी नको.

साक्री : पुढची काच बदलली आणि लोखंडी गार्ड बसवला. तेव्हापासून गाडी उगाच ब्रेक लावते.

दोन्ही कारणं असू शकतात. काच बदलली की कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नजर नेमकी जुळवण्याचं काम, पुन्हा करावं लागतं. एक प्रकार वर्कशॉपमध्ये सपाट जागी ठरलेल्या अंतरावर नक्षीचे फलक लावून होतो, दुसरा पट्टे असलेल्या रस्त्यावर गाडी चालवून. तुमच्या गाडीला कोणता लागतो ते सर्व्हिस सेंटर सांगेल. कॅलिब्रेशन केल्याची नोंद जॉबकार्डवर घ्या, आणि विम्याच्या दाव्यात हा खर्च आधीच धरायला सांगा. गार्ड मात्र काढूनच टाका. तो रडारच्या समोर येतो, आणि कार-जीपला असे गार्ड लावायला केंद्राच्या वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७मध्येच मनाई केली आहे. बंपरच्या मधल्या भागावर स्टिकर, जाड रंगाचा थर किंवा दसऱ्याचा हार लोंबत राहिला तरी हाच त्रास होतो. पूजा झाली की हार काढा, आणि बंपर रंगवायचा असेल तर रडारसमोरच्या भागाबद्दल मॅन्युअल काय सांगतं ते रंगाऱ्याला आधी दाखवा.